नागुमो फुसाए यांची परतभेट

नागुमो फुसाए, वय सदुसष्ट, विधवा, तिसऱ्या आळीच्या चौथ्या गटाच्या प्रमुख. प्रकृती: समाधानकारक. कचऱ्याचे वर्गीकरण: निर्दोष. शेजाऱ्यांची तक्रार: नाही. आमच्या रहिवासी मंडळाच्या दप्तरी अशी नोंद आहे, आणि मंडळ स्वतःच्या नोंदींबाबत समाधानी असते.

मार्चमध्ये नवरा गेला आणि फुसाएबाईंचे हात कापू लागले. जेवण जाईना, झोप येईना. खरी धास्ती ऑगस्टची होती. ऑगस्टात पितरांचा सण, नवऱ्याचा पहिला बोन. दारावर पांढरा कंदील लागणार, गेलेला माणूस तीन दिवस घरी येणार आणि त्याच्यामागे सगळे नातेवाईक. त्यांत थोरली नणंद याएको. तिने अंत्यविधीच्या दिवशीच बजावलं होतं, "वहिनी, आपल्याकडच्या बायका चारचौघांत कोसळत नाहीत." एवढंच पार पडावं, मग काय व्हायचं ते होवो, असं फुसाएबाई म्हणायच्या.

खांदा आखडला म्हणून त्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी एक बारीक पांढरी गोळी दिली. अर्ध्या तासात खांदा सैल, छाती शांत, हात स्थिर. त्या ती रोज घेऊ लागल्या. जूनमध्ये त्याच डॉक्टरांनी त्यांना शहरातल्या मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. कुणी पाहू नये म्हणून त्या एक स्टेशन पुढे उतरून चालत मागे आल्या.

मनाचे डॉक्टर तरुण आणि सविस्तर बोलणारे होते. "ही मी देतोय ती नैराश्यावरची. रोज घ्यायची, बरं वाटो न वाटो. काही आठवडे फरक कळणार नाही, उलट मळमळेल. तरी सोडायची नाही. तुमची ती पांढरी गोळी भीती तेवढ्यापुरती दाबते, दुःखाला हात लावत नाही. पण शरीराला तिची सवय लागलीय. ती एकदम तोडू नका, जिवावर बेतेल. आपण दोघं मिळून हळूहळू कमी करू."

फुसाएबाई प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या. आमच्याकडे याचा अर्थ ऐकू येतंय, एवढाच.

नव्या गोळीने मळमळलं, आणि अर्ध्या तासात काहीच झालं नाही. तिला त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवलं. फार वाईट वाटलं तर एखादी घ्यायच्या आणि घड्याळाकडे बघत बसायच्या. पांढरी मात्र गुणी निघाली. आणि गुणी वस्तू आपल्यापुरती ठेवणं आमच्या आळीत बसत नाही.

कुणी काकड्या आणून दिल्या तर साधारण निम्म्या किमतीचं काही परत द्यावं लागतं. अंत्यविधीनंतर फुसाएबाईंनी इतक्या जणांना परतभेट म्हणून चहा आणि टॉवेल दिले होते की त्यांना स्वतःलाच टॉवेलांची शिसारी आली होती. समोरच्या सुगानोबाई झोप नाही म्हणून कुरकुरत होत्या, तेव्हा काकड्यांबदल्यात फुसाएबाईंनी सुंदर कागदात गुंडाळून चार पांढऱ्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी सुगानोबाई टवटवीत दिसल्या. "नागुमो-सान, तुमचे टॉवेल मी कधी वापरले नाहीत हो, पण हे!" मग वांगी आली, मके आले, कलिंगड आलं. गोळ्या जात राहिल्या.

बोनच्या आदल्या दिवशी आळीतले सगळे दवाखाने बंद झाले. डॉक्टरांच्याही घरी पितर येतात. पहिल्या दिवशी वन्सं आल्या, उंची उदबत्त्यांचा खोका घेऊन. घरात पांढऱ्या गोळ्यांची एकच पट्टी उरली होती. वन्संना रिकाम्या हाती पाठवायचं, तेही पहिल्या बोनला? फुसाएबाईंनी पट्टी गुंडाळून त्यांच्या पुढ्यात सरकवली.

"तुम्हाला ठेवलीत ना, वहिनी?"

"आहेत हो ढीगभर."

दुसऱ्या दिवशी शेवया वाढताना त्यांचे हात थरथरत होते. घामाने किमोनोची पाठ भिजली. त्यांनी ड्रॉवरमधल्या तीन गोळ्या एकदम घेतल्या आणि अर्धा तास वाट पाहिली. वन्सं कुणाला तरी म्हणाल्या की वहिनी तेवढ्या धीराच्या निघाल्या, उकाडा मात्र बाधलाय.

तिसऱ्या संध्याकाळी पितरांना निरोप द्यायला फाटकापाशी काटक्या पेटवल्या. नातेवाईक, शेजारी, सगळे हात जोडून उभे होते. फुसाएबाई वाकल्या, त्यांचं अंग ताठ झालं, डोकं पायरीच्या दगडावर आपटलं. झटके थांबेनात. आधी सगळ्यांना वाटलं, अखेर रडू कोसळलं. म्हणून शिष्टाचाराने जो तो दुसरीकडे बघू लागला.

रुग्णवाहिका आली. त्यातल्या माणसाने विचारलं, या रोज काय घेत होत्या, कुणाला माहीत आहे का. सुगानोबाईंनी पर्स उघडली. मग शेजारच्या दोघींनी. शेवटी वन्संनी. सगळ्यांच्या हातात तीच पांढरी गोळी, तोच सुंदर कागद.

इस्पितळात पोचण्याआधीच फुसाएबाई गेल्या.