शेजारच्या खाटेवरचे राजेसाहेब

गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर आफ्रिकेतल्या घाना देशातून उपचारासाठी आलेले एक उंच गृहस्थ होते. आम्हा दोघांच्याही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. ते आयुष्यभर बंदरावर इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्या ‘गा’ नावाच्या समाजातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना राजा निवडलं. सिस्टर त्यांना राजेसाहेबच म्हणायच्या.

दुखेल म्हणून मी पाऊलच टाकत नव्हतो. ते मात्र ओठ घट्ट मिटून चालत राहायचे.

“एवढी घाई कशाला?” मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

“सुगीच्या सणाला राजा गल्लोगल्ली पायी फिरतो, पितरांसाठी मक्याचं अन्न शिंपडतो. लोक दारात उभे राहून माझी वाट बघतात.”

“माझी कोण बघतंय? बायको गेली, मुलगी परदेशात.”

ते खाटेच्या कडेला सरकून बसले. “मी बघतोय. या, इथपर्यंत या.”

सिस्टरचा हात धरून मी ती चार पावलं टाकली.

ते घरी निघाले, तेव्हा मी एकटा चालत त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. आभार मानायला इंग्रजी सुचेना, म्हणून मराठीतच बोलत सुटलो. लिफ्टचं दार हाताने अडवून त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं.