रिकाम्या झेंडाकाठ्या

काठमांडूच्या सहलीत आमची गाडी एका सभागृहासमोर थांबली. अंगणात झेंड्यांच्या उंच काठ्या ओळीनं उभ्या होत्या, सगळ्या रिकाम्या. वाऱ्यानं दोऱ्या काठ्यांवर टकटक आपटत होत्या.

"इथे शेजारी देशांची परिषद भरायची," ड्रायव्हर म्हणाला. "नंतर आणखी एक देश आला, तेव्हा काठीही वाढवली. पण नियम असा, की एक जरी आला नाही तरी परिषद होत नाही. आता दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, म्हणून बाकीचेही घरीच."

मला आमच्या घरची पंगत आठवली. सगळे पाटावर बसल्याशिवाय आई कुणालाच वाढायची नाही. किती मायेचा नियम! मग दोन्ही काका शेताच्या बांधावरून भांडले. त्यांची वाट बघता बघता रोज भात निवायचा. शेवटी आईनं पाट मांडणंच सोडलं.

निघताना माळी दोऱ्या ओढत होता.

"झेंडे लावताय?" मी आशेनं विचारलं.

"नाही साहेब. फार वाजतात, म्हणून आवळून बांधतोय."

अंगण एकदम गप्प झालं. भात निवल्यावर आमचं स्वयंपाकघर व्हायचं, तसं.