कबूल केलेला काठ

आमच्या आजाचं ऐकाल, तर निजामाच्या राज्यात फक्त शिंकेवर कर नव्हता. तोही बसला असता, पण शिंका मोजायला सरकारला प्रामाणिक माणूस सापडेना. लेव्हीची ज्वारी न्यायला येणारा गिरदावर इतका जाडा, की गावात आधी त्याचं पोट शिरायचं, मग घोडं, आणि दिवस कलल्यावर तो स्वतः. मी ही गोष्ट सांगताना घोड्याची कंबर वाकवतो. आजा ते घोडं झरीच्या शिवारात मारूनच टाकायचा.

खळ्यावरून ज्वारी जायची, ती मात्र खरी. पीक बुडालं तरी सरकारचं माप भरावंच लागे. आजाच्या बापाला त्यापायी भर चावडीत उन्हात ओणवं केलं. आजाच्या जोडीदाराला लेव्हीच्या गाड्यांमागं वेठीला धरलं, आणि मजुरी मागितली म्हणून पाठ सोलली. हा जोडीदार ओढ्याकाठच्या शिंदीच्या पानांचे फडे बांधायचा. लक्ष्मीपूजनाला सगळी पंचक्रोशी त्याच्याच फड्यानं घर झाडायची. दोघं एका डोहात पोहायला शिकले. फक्त एकाचं घर वेशीच्या आत होतं, दुसऱ्याचं बाहेर.

आधी लोक नुसते कुरकुरले. मग धान्य पेवात दडवू लागले. मग पेवं उकरणाऱ्यांशी हातघाई झाली आणि तरणी माणसं सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत जाऊ लागली. तिकडून निरोप आला : शिंदीच्या ताडीवरचा कर थेट राजाच्या खजिन्यात जातो, झाडं तोडा.

शिंदी तोडणं म्हणजे साळिंदराला मिठी मारणं. काटे चुकवून कोयता घालावा तर तो जोडीदारानंच.

"गड्या, राजा बुडंल खरा," तो म्हणाला, "पर माझं पोट?"

"राज्य जाऊ दे. हा वढ्याचा काठ तुझा. पायजे तेवढी शिंदी लाव. कबूल!" आजा म्हणाला.

भरदिवसा कोयते चालले. आजाच्या सांगण्यात झाडं हजारांनी पडायची आणि त्या धडाक्यानं हैदराबादेत राजाच्या हातातला चहा सांडायचा. राजाला आमचा ओढा ठाऊक तरी होता का, कोण जाणे.

भारताची फौज आली, राज्य गेलं. काठ मात्र आजाच्या बापानं नांगर फिरवून आपल्या रानात घेतला. गिरदावराच्या तोंडावर बोललेला आजा बापापुढं गप्प राहिला. पानं नाहीत, काठ नाही. जोडीदार बायकोपोरं घेऊन गंगाखेडला गेला.

तेव्हापासून दर दिवाळीला आजा फडा आणायचा तो गंगाखेडच्या बाजारातूनच. त्याच्या उतारवयात मी त्याला मोटारसायकलवर न्यायचो. जोडीदारही म्हातारा झालेला; तो फडा पुढं करायचा, "घ्या, मालक," म्हणायचा, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळायचा. शेवटच्या खेपेला आजा त्याच्यापुढं धुळीतच बसला.

"माझा बाप कवाच गेला. काठ तुझा हाय. चल."

"कोन्ता काठ, मालक?"

"मालक नको म्हनू रं."

"मंग काय म्हनू? काठ ऱ्हायलाय कुठं? वढ्यानं खाल्ला समदा. मुळ्याच न्हाईत, माती कोन धरंल?"

"तुला कुनी सांगितलं?"

"सांगतंय कोन? दर पोळ्याला येतो, बघतो, जातो. तुमच्या दारावरूनच."

"अन् हाक न्हाई मारली?"

"हाक तुमी मारायची व्हती."

मग म्हाताऱ्यानं ढिगातून एक फडा काढला, जमिनीवर आपटून त्याची कणी झाडली आणि आजाच्या मांडीवर ठेवला. "ह्यो घट बांधलाय. दोन दिवाळ्या जाईल."

परतताना पिंगळी मागं पडली, परभणी आली. एरवी एवढ्या रस्त्यात आजानं दोन-चार राज्यं बुडवली असती. त्या दिवशी फड्याची टोकं तेवढी माझ्या पाठीत टोचत राहिली.

पुढच्या सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाला, शाळेत झेंडा झाला आणि नेहमीप्रमाणे आजाला गोष्ट सांगायला उभं केलं. पोरं आधीच हसायच्या तयारीत. आजानं माइक दोन्ही हातांनी धरला.

"झाडं मी न्हाई तोडली. तोडनारा दुसरा. मी निस्तं कबूल केलं व्हतं."

पुढं काही बोलेचना. मास्तरांना वाटलं, वय झालं, विसरला असेल. त्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या, हळूच माइक काढून घेतला आणि माझ्या हातात दिला. "तुमी सांगा ती गिरदावराच्या पोटाची."

मी सांगितली. पोरं लय हसली.