तुळईनं टाकलेला बोल्ट

भूत पाहिलेल्या माणसांची मला पहिल्यापासून चीड. यांना भूत नेहमी पिंपळाखालीच कसं दिसतं? कचेरीत, फायलींवर बसलेलं कधी दिसत नाही! तेव्हा माझ्यासारख्यानं हे लिहायला बसावं याची मलाच लाज वाटते... पण तो बोल्ट समोर टेबलावर पडलाय, आणि लिहिल्याशिवाय काही मला चैन पडत नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. बालाघाटला मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बाजार संपतो तिथं, एका मालगुजाराचं, म्हणजे जुन्या जमीनदाराचं, घर मला भाड्यानं मिळालं होतं. मालक गोंदियाला. त्याला घराची किंमत शून्य. “पाडून सिमेंटचं बांधायचं आहे,” असं दर भेटीत सांगायचा. गाढवाला गुळाची चव काय!

घर मात्र असं की बघत राहावं. वर कवेलू, म्हणजे तिकडची कौलं, खाली सागाचे खांब, कमरेला मिठी मारली तर हात पोचायचे नाहीत. अख्ख्या घरात लोखंडाचा खिळा नाही. लाकडाची जीभ लाकडाच्याच खाचेत बसवलेली, वरून लाकडी खुंटी ठोकलेली, आणि सांध्यात पोस्टकार्डाची कड शिरत नव्हती. मी रोज कचेरीत आमच्या कंत्राटदारांची कामं बघायचो, पहिल्याच पावसात फुटणारी. घरी आलो की खांबावरून हात फिरवायचो. तेवढंच बरं वाटायचं.

बायको, विमल, माहेरी रामपायलीला बाळंत झाली आणि तीन महिन्यांची मुलगी घेऊन परत आली. आता पाळणा टांगायचा. मधल्या खोलीच्या तुळईला पाळण्यासाठीच ठोकलेली एक लाकडी खुंटी होती, हाताच्या मनगटाएवढी. विमल म्हणाली, तिथंच टांगा.

मी म्हणालो, “शंभर वर्षांच्या लाकडाच्या भरवशावर माझी पोरगी? अक्कल आहे का?”

कारागिरीचं कौतुक करायला मी पुढे, आणि विश्वास ठेवायची वेळ आली तेव्हा मागे. पण हे आता कळतं.

मी सुखलाल मिस्त्रीला बोलावलं. म्हातारा सुतार, याच्या आज्यानं म्हणे या घराचं काम केलं होतं. त्याला म्हटलं, खुंटीपासून हातभर अंतरावर भोक पाड, लोखंडी हूक बसवू. त्यानं तुळईला बोटानं ठोकलं, कान लावला आणि अवजारांची थैली पुन्हा बांधून खांद्याला लावली.

“साहेब, इथं लोखंड नोका ठोकू. हे घर लाकडाले लाकूड धरून उभं हाय. खुंटीले टांगा ना, खुंटी काहून ठेवली मग?”

“तू मला शिकवणार? तुळई एकसंध आहे, दिसत नाही का?”

“दिसत नाही, तेच तं सांगून राह्यलो साहेब,” एवढं म्हणून तो गेला.

अडाणी माणूस, असं मी विमलला ऐकवलं. मग स्वतः गिरमिट आणलं, भोक पाडलं, हूक पिळला. आणि मी ओव्हरसियर ना! पाळण्यात आधी वीस किलो तांदळाचं पोतं ठेवून बघितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हूक जमिनीवर. पाळणा त्याच्या बाजूला, अलगद टेकवलेला. पोतं सरळ, एक दाणा सांडलेला नाही.

हूक भिकार होता, मी ठरवलं. मग भोक तुळईच्या आरपार नेलं आणि अर्ध्या इंचाचा बोल्ट घातला, खाली पाळण्यासाठी कडी, वर नट. दोन दिवसांनी तोही खाली, नट वेगळा. पाळणा पुन्हा टेकवलेला. विमल घाबरली.

“घर नाही म्हणून राह्यलं. तुम्ही काहून हट्ट करता?”

“घर बोलत नसतं. नट ढिला राहिला असेल.”

तिसऱ्यांदा मी जाड वायसर घातला, पाना घेऊन नट असा आवळला की माझा तळवा सोलला. चार दिवस तांदूळ टांगला, काही झालं नाही. पाचव्या दिवशी सकाळी विमल नको नको म्हणत असताना मी पोरीला त्या पाळण्यात ठेवलं. शेजाऱ्यांचं स्टूल त्यांना परत देऊन टाकलं आणि ऐटीत सायकलवर कचेरीत गेलो.

दुपारी जेवायला आलो. दाराला आतून अडसर. हाका मारल्या तेव्हा विमल मागच्या विहिरीवरून ओल्या हातांनी धावत आली आणि दार उघडलं. मागचं अंगण चारी बाजूंनी बंद, तिथून कुणी येणं शक्य नाही. आम्ही दोघं मधल्या खोलीत गेलो.

बोल्ट जमिनीवर होता. नट त्याच्यावर तसाच आवळलेला, वायसरसकट! आणि पाळणा... पाळणा लाकडी खुंटीला टांगलेला होता. संथ हलत होता. पोरगी आत गाढ झोपलेली.

पण माझी जीभ कुठे गप्प बसते? मी विमलवरच ओरडलो, “हे तू केलंस!”

“मी काय उडून गेली वर? स्टूल तं तुम्हीच सकाळी देऊन आलते!” तिनं पोरीला उचलून छातीशी धरलं आणि रडू लागली. “माह्या लेकराले तुमच्या भरवशावर ठेवलं होतं मी. तुमच्या!”

मी वाकून बोल्ट उचलला आणि खिशात घातला.

सुखलाल तेव्हा खैरलांजीला दारं बसवायच्या कामावर होता. त्याला निरोप धाडला. दोन दिवसांनी आला, शिडी लावून वर चढला. चाकूच्या टोकानं माझ्या भोकाभोवतीची काजळी खरवडली आणि मला वर बोलावलं. तिथं केसाएवढी रेघ होती. तुळई एकसंध नव्हतीच. दोन लाकडं आतल्या आत एकमेकांत गुंतवलेली, आणि मी माझं भोक नेमकं त्या सांध्याच्या जिभेतून आरपार नेलेलं. जीभ चिरली होती. वजन तिथंच लटकत राहिलं असतं तर सांधा सुटून तुळई पाळण्यावर आली असती. रोज बांधकामं तपासणाऱ्या या शहाण्याला तो सांधा दिसला नव्हता.

मग सुखलालनं खुंटीवरची दोरीची गाठ बघितली आणि बोटांनी चाचपली.

“हे गाठ आमी तुळई वर चढवतानी मारतो साहेब. घरात कोणाले येते?”

कुणालाच येत नव्हती. शिडी उतरता उतरता तो म्हणाला, “दोनदा लोखंड खाली टाकलं. तुम्ही ऐकलं नाही, तं तिसऱ्यांदा पोरीलेच उचलून घेतलं.”

त्यानं चिरलेल्या जागेला लाकडाचा तुकडा बसवून दिला. मजुरी घ्यायला तयार नव्हता.

पुढे शहाणे लोक भेटले. आमचे एक साहेब म्हणाले, उकव्याच्या खाणीतून येणाऱ्या मँगनीजच्या ट्रकांनी घर हादरलं असेल. वा! ट्रकनं नट न सोडवता बोल्ट काढला, पाळणा उचलला आणि वर गाठ मारली! दुसरे म्हणाले, मालगुजाराचा आत्मा. त्या मालगुजारानं आयुष्यात कधी हातात रंधा धरला नसेल. दोघांचीही मला सारखीच कीव येते. भोक अर्ध्या इंचाचं, नट त्याहून मोठा. मी पुन्हा पुन्हा मोजलं. तो त्यातून कसा आला, मला माहीत नाही.

पोरगी त्याच पाळण्यात, त्याच खुंटीवर मोठी झाली. मग माझी बदली झाली. सामान बांधताना मी पाळणा काढायला स्टूलवर चढलो, तर ती गाठ मला सुटेना. चाकू मागितला.

विमल म्हणाली, “राहू द्या. कापू नोका.”

तिनं खांबाला हात लावून नमस्कार केला आणि पोरीला पुढे करून तिलाही करायला लावला. मी वर स्टूलवर उभाच होतो. त्या खुंटीला मी तोपर्यंत कधी हात लावला नव्हता. मी दोन्ही हात लावले आणि म्हणालो, “चुकलो.”

कुणाला म्हणालो, ते आजही सांगता येत नाही. खाली उतरलो आणि पाळणा तिथंच ठेवून निघालो.