सीझन संपू दे

अख्ख्या इंग्लंडात कोरियन फुटबॉल लीगचा खराखुरा चाहता एकच होता आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. नात्यातले आहेत म्हणून मी फुगवून सांगतोय असं समजू नका. लंडनच्या नैऋत्येला कोरियन लोकांची मोठी वस्ती आहे आणि आमच्या ऑफिसातला एक कोरियन सहकारी तिथेच राहायचा. त्याला मी मोठ्या आशेने विचारलं, तर तो म्हणाला, तो आणि त्याचे सगळे मित्र इंग्लिश क्लबांचे सामने बघतात, तिकडच्या लीगमध्ये सध्या काय चाललंय ते त्याला ठाऊक नाही. वर त्यानेच मला विचारलं, "पण तुझ्या मामांना त्यात काय एवढं?" याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. माझं सोडा, मामांच्या सख्ख्या मुलाकडेही नव्हतं.

मामा मूळचे मिरजेचे. तिथे डॉक्टर होऊन ते तरुणपणीच इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत कॉव्हेंट्रीच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. भूल देणाऱ्या माणसाला बोलायची सवयच लागत नाही, असं मामांकडे पाहून माझं पक्कं मत झालं आहे. इतर डॉक्टरांना पेशंटशी चार गोष्टी बोलाव्या लागतात. मामांचा पेशंट मात्र ओळख होतेय न होतेय तोच झोपी जायचा. त्यामुळे दोन वाक्यांच्या पुढेही संभाषण न्यायचं असतं, हे त्यांच्या गावीच नव्हतं. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा लंडनमधल्या हॅरोहून त्यांच्याकडे गेलो तेव्हा दारात त्यांनी विचारलं, "या जावईबापू, ट्रेन वेळेवर होती ना?" मी हो म्हणालो. त्यानंतर ते माझ्याशी थेट दुसऱ्या दिवशी आम्ही निघताना बोलले, "ट्रेन वेळेवर असेल ना?" मधल्या वेळात सगळा किल्ला मामी लढवायच्या. मामी शेजारणीशी बोलायच्या, पोस्टमनशी बोलायच्या, कुंपणावर बसलेल्या परक्या मांजराशीही बोलायच्या आणि त्या सगळ्यांना खाऊ घालायच्या.

मामी गेल्या तेव्हा आम्हाला वाटलं, आता हे घर मुकं होणार. पण पुढच्या वसंतात आम्ही गेलो, तर स्वयंपाकघरातून कोरियन भाषेत आरडाओरडा ऐकू येत होता. आत मामा पोह्यांची बशी घेऊन कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि पडद्यावरच्या पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकोनात काही ठिपके पळत होते. हे चित्र दर दोन मिनिटांनी गोठायचं, आणि गोल व्हायची वेळ आली की नेमकं गोठायचं. मग मामा चमचा तोंडाशी धरून तसेच थांबायचे. पुढे ते त्या लिपीतलं आपल्या टीमचं नाव ओळखायला शिकले. बाकी अक्षरांशी त्यांना कर्तव्य नव्हतं. आकडे सगळ्या जगाचे सारखेच असतात, हे त्यांना पुरेसं होतं.

हे वेड एकदा घरात शिरलं ते भिंतीपर्यंत पोचलं. स्वयंपाकघरात दोन घड्याळं आली, एक इथलं आणि एक कोरियाचं. कुठलं कुठलं हे मामांनी कुणालाही सांगितलं नाही, कारण त्यांना स्वतःला ठाऊक होतं. एका जूनमध्ये रविवारी सकाळी पोहे खाऊन मला सोफ्यावर डुलकी लागली. जाग आली तर आठ वाजलेले. इथे उन्हाळ्यात रात्री आठलाही लख्ख उजेड असतो, त्यामुळे संशयाला जागा नव्हती. परतीची ट्रेन चुकणार म्हणून मी बॅग उचलून दारापर्यंत धावलो. मामा शांतपणे म्हणाले, "बसा जावईबापू, आठ कोरियात वाजलेत. इथे बारा झालेत, पानं घेतो." त्याच साली महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, सगळ्यांत ज्येष्ठ म्हणून आरतीचा मान मामांना मिळाला. एरवी लोक अशा मानासाठी रुसतात. मामांनी अध्यक्षांना विचारलं, "किती वाजता?" अध्यक्ष म्हणाले, "रविवारी अकराला." मामा म्हणाले, "अकराला आमची मॅच आहे. साडेनऊला उरकू." शाळेच्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये साडेनऊला आरती झाली. अर्धं मंडळ प्रसादाला पोचलं आणि आरती चुकली म्हणून हळहळलं.

मामांची टीम म्हणाल तर अशी की, तिच्यावर जीव लावायला माणूस मामांसारखाच लागतो. ती तळाला जायची नाही आणि वरही चढायची नाही. तिचा एक लोकरी स्कार्फ मामांकडे होता, पण तो त्यांच्या गळ्यात कधी दिसला नाही. तो असायचा दह्याच्या भांड्याला. इथल्या थंडीत दही लावणं म्हणजे काय दिव्य असतं ते इथे संसार केलेल्यांनाच ठाऊक. मामींनी टॉवेल, ब्लँकेट, मामांचा जुना स्वेटर असं सगळं करून पाहिलं होतं, आणि शेवटी विरजणाच्या भांड्याला उबेला हा स्कार्फच चांगला, असा निकाल दिला होता. मामींच्या मागे मामांनी ती पद्धत जशीच्या तशी चालू ठेवली. शनिवारी रात्री विरजण, रविवारी सकाळी मॅच. त्यातून दही घट्ट लागलं की टीम जिंकते, असा त्यांचा एक सिद्धांत तयार झाला. आयुष्यभर विज्ञानावर विसंबून लोकांना बेशुद्ध करणारा हा माणूस रविवारी सकाळी भांडं तिरकं करून बघायचा आणि पातळ दिसलं तर म्हणायचा, "आज बरोबरी झाली तरी पुष्कळ."

खरी पंचाईत झाली त्या जानेवारीत. मागच्या अंगणात बर्फावरून घसरून मामांचं मनगट मोडलं आणि बराच वेळ ते तिथेच पडून राहिले. शेजारीण कचऱ्याचा डबा बाहेर काढायला आली म्हणून ते दिसले. त्यांचा मुलगा दक्षिण लंडनमध्ये, क्रॉयडनला असतो. तो हादरला आणि त्याने आपल्या घरातली तळमजल्यावरची खोली मामांसाठी रिकामी केली. मुलगा इथेच जन्मलेला. त्याचं मराठी मनापासूनचं आहे, पण लिंगवचनाच्या बाबतीत उदार आहे. "बाबा, तुझा खोली रेडी आहे," तो म्हणाला. "ट्रॅम एकदम समोर थांबतो. हा घर विकून टाक आणि ये." मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सीझन संपू दे."

बिचाऱ्या मुलाला वाटलं, सीझन म्हणजे इंग्लिश सीझन, मे महिन्यात संपेल. मे महिन्यात तो टेम्पो ठरवून आला, तेव्हा त्याला कळलं की कोरियात सीझन मार्चमध्ये सुरू होतो. शिवाय त्या वर्षी तर आधी एक कप, मग लीगचा पहिला भाग, मग दुसरा भाग, मग वरच्या चौघांचा प्लेऑफ आणि मग दोन सामन्यांची फायनल, असं ते प्रकरण होतं. दर वेळी मुलगा फोन करायचा आणि मामा सांगायचे, "आत्ता कुठे पहिला भाग झालाय." शेवटी तो माझ्या बायकोला म्हणाला, "ताई, हा काय सीझन आहे, संपतच नाही. तू बोल ना बाबाला."

म्हणून ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही कॉव्हेंट्रीला गेलो. जेवायला बसणार तोच फोन वाजला आणि त्यानंतर मी जे पाहिलं ते सांगितलं तर आमच्या नात्यात कुणी विश्वास ठेवत नाही. मामा फोनवर बोलत होते. एक वाक्य नाही, दोन नाही, वरण गार होईपर्यंत बोलत होते. गोलकीपर कसा पुढे आला, रेफ्रीला दिसलं कसं नाही, सगळं इंग्रजीत आणि हातवारे करून. मधेच त्यांनी स्वच्छ मराठीत सांगितलं, "लागलं, लागलं. घट्ट लागलं," आणि हसून फोन ठेवला.

"मामा, कोण होतं रे?" बायकोने विचारलं.

"मिनू," मामा म्हणाले, आणि भाताचा घास कालवता कालवता त्यांनी आम्हाला जे सांगितलं, ते त्यांच्याकडून मी ऐकलेलं सगळ्यांत लांब बोलणं.

मुलगा शिकायला बाहेर पडला तेव्हा मामींनी वरच्या खोलीत एक कोरियन विद्यार्थी ठेवला होता. इंजिनिअरिंगची पीएच.डी. करायला आलेला. त्याचं नाव मिन-काहीतरी होतं, मामींनी त्याचं मिनू करून टाकलं. त्याला इंग्रजी जेमतेम यायचं, मामींना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, तरी त्यांचं जमलं. त्याच्या गावची टीम जिंकली का, एवढं मामी विचारायच्या आणि तो आनंदाने सुटायचा. सामना बरोबरीत सुटला की मामी म्हणायच्या, "बरं झालं, दोघंही पास." तो मामींच्या हातचं दही वाटीवाटीने खायचा. शिक्षण संपवून परत जाताना त्याने आपला स्कार्फ मामींना दिला, आणि त्यानंतर दर रविवारी त्याचा फोन यायचा. मामी विचारायच्या, "टीम?" तो विचारायचा, "दही लागलं?" एवढं मराठी त्याला येत होतं.

"ती गेल्यावर पहिल्या रविवारी त्याचा फोन आला," मामा म्हणाले. "मी त्याला सांगितलं. तो रडायला लागला. आता मी काय बोलणार? मला कुठे बोलता येतं? मी विचारलं, टीम कशी आहे? मग तो बोलत राहिला. पुढच्या रविवारी पुन्हा फोन. मला वाटलं, आपल्याला काहीच माहीत नसेल तर हा किती दिवस फोन करेल? म्हणून बघायला लागलो."

मग मी माझ्या पुणेरी अकलेने म्हणालो, "पण मामा, मग क्रॉयडनचा नंबर त्याला देता येईल की."

"येईल," मामा म्हणाले. "पण मग तो फोन मला करेल. या नंबरावर तो अजून तिलाच करतो." आणि त्यांनी ताक वाढून घेतलं. बायको पाणी आणायच्या निमित्ताने उठली, ती बराच वेळ आली नाही.

टीम त्या वर्षी कशी कोण जाणे भलतीच चांगली खेळली आणि प्लेऑफच्या उंबरठ्यावरून परत आली. सीझन संपला. मुलगा आला, तर मामा म्हणाले, "मार्चमध्ये नवा सुरू होतोय, तेवढं बघू." मुलाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

नवा सीझन सुरू व्हायच्या आधी, फेब्रुवारीत, आम्ही सगळे एका रविवारी मामांकडे जमलो होतो. मुलगा या वेळी निश्चय करून आला होता. सकाळीच तो मामांना म्हणाला, "बाबा, तू परत पडलास तर? मी ऑफिसात बसतो, फोन वाजला की मी आधी गाडीचा चावी शोधतो." दुपारी मिनूचा फोन आला. या वेळी मामा बोलत नव्हते, नुसतं ऐकत होते. फोनमधून आम्हालाही त्याचा आवाज येत होता आणि तो आवाज चांगला नव्हता. मामांनी फोनवर हात ठेवून आम्हाला सांगितलं, "टीम हलवली. मालकांनी उचलून दुसऱ्या शहरात नेली. गावातल्या लोकांना कुणी विचारलंसुद्धा नाही."

तिकडे मिनू म्हणत होता, की आता त्याला टीम उरली नाही, आता तो एकही सामना बघणार नाही. मामांनी खुर्ची ओढली आणि बसले. त्यांचं इंग्रजी बोलणं माझ्या अजून कानात आहे. "मिनू, ऐक. गाव सोडलं म्हणून टीम परकी होत नाही. खेळणारे तेच आहेत ना? मग? आम्ही नाही का मिरज सोडून आलो? म्हणून काय आम्ही दुसरेच कुणी झालो? नवी जागा आहे. सुरुवातीला हरतील. तू बघणं सोडलंस तर त्यांनी तिकडे कुणाच्या भरवशावर खेळायचं?" मग ते एकदम थांबले. मिनू "हॅलो, हॅलो" करत होता. मामा मुलाकडे बघत होते. शेवटी ते फोनमध्ये म्हणाले, "पेन आहे का? एक नंबर लिहून घे. क्रॉयडनचा." मुलाला आपलाच नंबर धड सांगता येईना, तो माझ्या बायकोने सांगितला.

मार्चमध्ये मामा क्रॉयडनला गेले. दोन्ही घड्याळं गेली, पातेलं गेलं, स्कार्फ मामांनी स्वतःच्या मांडीवर ठेवून नेला. पहिल्या मॅचच्या रविवारी आम्ही मुद्दाम तिथे गेलो. नव्या घरातलं हीटिंग चांगलं होतं. भांड्याला काही गुंडाळायची गरज नाही, असं सून म्हणाली होती, तरी मामांनी स्कार्फ गुंडाळलाच होता. मॅच संपली, जेवणं झाली, दोन वाजले. मामा फोनशेजारी पेपर घेऊन बसले होते आणि पेपराचं पान काही उलटत नव्हतं. ट्रॅम गेली, पुन्हा एक गेली. आम्ही कुणीच एकमेकांकडे बघत नव्हतो.

मग फोन वाजला. मामांनी तो लगेच उचलला नाही, जरा वाजू दिला. पलीकडून काय विचारलं ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मामा म्हणाले, "लागलं. तिच्यासारखं नाही, पण लागलं." मग टीमचं बोलणं निघालं. मामांनी फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "दही लागलं आणि टीम हरली, असं आजच झालं." त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज अगदी तक्रारीचा होता. मग त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली आणि त्या गोलकीपरबद्दल जे बोलायला लागले, ते आमची परतीची ट्रेन सुटेपर्यंत बोलतच होते.