गच्चीवरचे बोंबील

दिवाळी सरून आठ-दहा दिवस झाले की डहाणूच्या हवेतला दमटपणा ओसरतो, उन्हाला एक कोवळा, केशरी कोरडेपणा येतो, आणि मग सकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या इमारतीच्या जिन्यातून तो दर्प खाली उतरू लागे: ओल्या बोंबलांचा, मिठाचा, खाडीवरून आलेल्या वाऱ्याचा. मी त्याला दर्प म्हणते, कारण मी देशावरची, शाकाहारी घरातली. माझ्या नाकाची समजूत पटायला दोन हिवाळे लागले. तिसऱ्या हिवाळ्यात तो मला घड्याळासारखा उपयोगी पडू लागला, वास आला की एसटीची वेळ झाली. आणि चौथ्या हिवाळ्यात तो मीच हाकलून लावला. कसा, ते सांगते. सांगताना कुणाची भीड ठेवायची नाही असं ठरवलंय, माझी स्वतःची तर मुळीच नाही.

इमारतीचं नाव ‘हरितवैभव’. नावावर जाऊ नका. जिथे ती उभी आहे तिथे मालकांच्या, किशोरशेठच्या, वडिलांची चिकूची वाडी होती. ती मुळासकट उपटून तिच्यावर चार मजले चढवले आणि जिचा जीव घेतला तिचंच नाव दारावर कोरलं. मागच्या कुंपणालगतचं एक झाड तेवढं वाचलं, तेही शौचखड्ड्याच्या आखणीबाहेर दोन हात राहिलं म्हणून. राहणारे आम्ही सगळे भाडेकरू, अकरा महिन्यांच्या करारावर जगणारे, भिंतीत खिळा ठोकायचा तरी परवानगी मागणारे. किशोरशेठ स्वतः घोलवडला, उरलेल्या वाडीच्या सावलीत राहतात. महिन्यातून दोनदा पांढऱ्या गाडीतून येतात आणि इंजिन चालू ठेवून, काच अर्धी खाली करून, आम्हाला पर्यावरण समजावतात.

कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं की ‘हरित इमारत’ असं प्रमाणपत्र मिळालं तर चांगले, म्हणजे मुंबईचे, भाडेकरू येतात. झालं! वरून कीर्तन, आतून तमाशा सुरू झाला. ओल्या कचऱ्याचं खत करणारं विजेवरचं यंत्र आलं. ते दोनदा घरघरलं आणि कुणीतरी त्यात दुधाची पिशवी टाकल्यावर कायमचं समाधिस्थ झालं. अंगणातली माती उघडी दिसते म्हणून तिच्यावर सिमेंटच्या विटा बसवल्या, पावसाचं पाणी मुरायला जागा उरली नाही, आणि नंतर पाणी जिरवा, पाणी वाचवा असं लिहिलेला फलक त्याच विटांवर उभा केला. चारोटी नाक्यावरच्या एका दुकानातून हिरव्यागार प्लास्टिकच्या गवताच्या गुंडाळ्या आल्या. गच्चीवर हिरवळ करायची होती ना! निसर्गप्रेमाचं असं दिवाळखोर, असं चकचकीत दर्शन मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आणि मी? मी उधव्याच्या शाळेत पर्यावरण शिकवते. तलासरी मागे पडली की एसटीच्या खिडकीतून कुडाची घरं दिसू लागतात, अंगणं शेणाने सारवलेली, वेलींचे मांडव, भोपळा सुकवून केलेली भांडी. तिथल्या मुलांना मी फळ्यावर ‘कचऱ्याचे व्यवस्थापन’ असं लिहून देते. ज्यांच्या घरात कचरा म्हणावा असं काही उरतच नाही, त्यांना! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण माझं अक्षर सुरेख आहे, आणि माझी मराठी बऱ्यापैकी संस्कृतप्रचुर आहे. या दोन गुणांवर किशोरशेठनी मला ‘हरित समिती’ची सचिव केलं. “बाई, तुमच्यासारखं शुद्ध कोण लिहिणार? चालशे ने?” एवढंच ते म्हणाले, आणि मी फुलले. चालशे ने, न चालायला काय झालं!

जानकीमावशी तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत राहायची. किनाऱ्यावरचं तिचं घर उधाणांनी हळूहळू खाल्लं, आधी ओटा, मग पुढची भिंत; म्हणून ती भाड्याच्या खोलीत आली. नवरा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. गच्चीच्या एका कोपऱ्यात तिने बांबू रोवून दोऱ्या ताणल्या होत्या आणि त्यांच्यावर ती बोंबील टांगायची, जोडीजोडीने, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. ना खिळा, ना चिमटा, ना विजेचं एक युनिट. वर ऊन, खाली वारा. चार दिवसांत ते चांदीसारखे कडक वाजायला लागत, आणि ती ते पाटीत भरून माझ्याच एसटीने उधव्याच्या आठवडी बाजारात घेऊन जाई. मासळी धुतलेलं पाणी, डोकी, कोलंबीची सालं, सगळं मागच्या त्या एकुलत्या चिकूच्या बुंध्याशी. एक थेंब गटारात जात नसे. आमच्या त्या यंत्राला जे जमलं नाही, ते ही बाई बादली आणि खुरपं घेऊन रोज करत होती, आणि याला काही नाव असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या मासळी-परवान्याचा फॉर्म मी भरून दिला होता तेव्हा ती कागदाकडे बघत राहिली होती. सातवीपर्यंत शिकलेली; वाचायची सावकाश, पण ठामपणे.

प्रमाणपत्रवाले पौषात पाहणीला येणार असं ठरलं आणि किशोरशेठनी फोन केला. गच्ची साफ हवी. वासाबद्दल दुसऱ्या मजल्यावरून तक्रार होती. माझ्या ओढणीलाही एकदा वास लागला होता आणि शाळेत एका सहकारी बाईंनी नाक मुरडलं होतं, हेही खरं. ते मी तेव्हा मनातल्या मनात पुढे केलं. त्याच महिन्यात माझा करार संपत होता, हे मात्र मनातसुद्धा उच्चारलं नाही. मी बसले आणि लिहिलं: ‘इमारतीचे पर्यावरण व सौंदर्य अबाधित राखण्याच्या सामूहिक संकल्पास अनुसरून गच्चीवर मासळी वाळविण्यास मनाई करण्यात येत आहे.’ वेलांट्या कशा वळणदार, उकार कसे भरीव! लिहून झाल्यावर मी तो कागद हात लांब करून बघितला, आणि मला तो आवडला. थू माझ्या आवडीवर.

दुसऱ्या दिवशी मी एसटीला निघाले तेव्हा जानकीमावशी सूचनाफलकापाशी उभी होती. ओठ हलवत तिने शेवटपर्यंत वाचलं. मग माझ्याकडे वळली.

“बाई, अक्षर तुमचंच ना ओ?”

मी मान हलवली.

“वाटलंच. माझ्या फॉर्मावर पण असंच होतं.” आणि जराशाने, कसलीही धार न लावता, “लय सुंदर काढता हो तुम्ही.”

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला माझ्याकडे उत्तरं तयार होती, आरोग्य, स्वच्छता, सामूहिक जबाबदारी, सगळी पुस्तकातली. तिने त्याच दुपारी दोऱ्या उतरवल्या. बोंबील वाळवायला जागा नाही तर बाजार नाही, आणि बाजार नाही तर ही खोली परवडत नाही, इतका साधा हिशेब होता. आठवडाभरात ती खाडीपलीकडे बहिणीच्या पडवीत राहायला गेली. जाताना वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी माझ्या दाराशी ठेवून गेली. मी मासळी खात नाही हे तिला माहीत होतं. तरी ठेवली, कारण जाताना शेजारणीचा निरोप रिकाम्या हाती घ्यायचा नसतो.

पाहणीचा दिवस तर काय वर्णावा! घोलवडच्या रोपवाटिकेतून एका दिवसासाठी भाड्याने कुंड्या आणल्या होत्या. बंद यंत्राच्या ट्रेमध्ये विकतचं खत पोतं फोडून ओतलं होतं. गच्चीवरचं प्लास्टिकचं गवत उन्हाने तापून असा उग्र वास सोडत होतं की बोंबलांनी लाजावं. पण त्या वासाबद्दल दुसऱ्या मजल्याने तोंड उघडलं नाही. पाहुणे साहेब सगळीकडे फिरले, फोटो काढले, आणि मागे त्या चिकूपाशी येऊन थबकले. झाड लगडलेलं होतं, फांद्या वाकल्या होत्या. साहेबांनी एक फळ तोडलं आणि तिथेच चावा घेतला. चिकू झाडावरून काढून पाच-सहा दिवस पिकवावा लागतो, हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक; पण बागायतदाराचे सुपुत्र किशोरशेठ शेजारी हात जोडून उभे, त्यांनी हूं की चूं केलं नाही. साहेबांचे ओठ चिकाने चिकटले, तोंड तुरट होऊन आवळलं गेलं, आणि त्या चिकटलेल्या तोंडातून ते म्हणाले, “वा! ऑर्गॅनिक!” मग विचारलं, “खत कुठलं घालता?”

किशोरशेठनी माझ्याकडे पाहिलं. तो क्षण माझा होता. जानकीमावशीचं नाव घ्यायला एक शब्द पुरला असता. कदाचित तिची दोरी परत वर गेली असती; निदान तिचं श्रेय तरी तिच्या नावावर पडलं असतं. मी म्हणाले, “इमारतीच्या शून्य-कचरा प्रकल्पाचं.” शुद्ध मराठीत, स्पष्ट उच्चारात. हसायला येत होतं साहेबांच्या तोंडाकडे बघून, आणि चीक खरा माझ्या तोंडाला लागलेला होता.

प्रमाणपत्र मिळालं. माझा करारही वाढवून मिळाला.

आता पुन्हा हिवाळा आहे. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या गवताची हिरवी तुसं वाऱ्याने उडून चिकूच्या बुंध्याशी साठतात. आणि दर बाजाराच्या दिवशी, एसटीच्या आधी, मागच्या फाटकातून एक बाई आत येते. डोक्यावरची पाटी उतरवते, हातातल्या डब्यातलं मासळीचं पाणी झाडाच्या आळ्यात ओतते, हाताने ती तुसं गोळा करून पदराच्या टोकाला बांधते आणि निघून जाते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, फळासाठी येत असेल. तिने कधी एक चिकू तोडलेला मी पाहिला नाही. वर खिडकीकडे ती बघत नाही. मीही पडद्यामागून पुढे होत नाही, आणि बाजाराच्या दिवशी हल्ली पुढची एसटी पकडते.

परवा किशोरशेठचा फोन आला. रखवालदाराने चुगली केली असावी. बाहेरचं कुणीतरी येऊन आवारात घाण पाणी टाकतं, प्रमाणपत्राचं नूतनीकरण तोंडावर आहे, तेव्हा बाई, एक छानशी सूचना लिहा, तुमच्या त्या अक्षरात. जाता जाता त्यांनी माझ्या कराराची तारीखही आठवणीने विचारली.

कागद समोर आहे. शेजारी ती पुडी, वर्षभर न सोडलेली. वर्तमानपत्रातून मिठाचा, उन्हाचा वास अजून येतो. पेनाचं टोपण मी उघडलेलं नाही. उघडणारच नाही, असं छातीवर हात ठेवून सांगता आलं असतं तर हे इतकं सगळं लिहीत बसले नसते.