पायपेटीवर रचलेल्या खुर्च्या

आई तेहतीस वर्षं एकाच शाळेत एकाच वर्गाची बाई होती. तिसरी ब. हुशार मुलं अ मध्ये जायची आणि ज्यांच्यापुढे बाकीच्यांनी हात टेकले ती ब मध्ये यायची. मुख्याध्यापक दर वर्षी नवी यादी तिच्या हातात ठेवून म्हणायचे, "बाई, एवढा गाळ तुमच्याकडे." आई म्हणायची, "नावं वाचून दाखवा सर. हजेरीपटावर गाळ असा रकाना नाही." आणि त्यांना उभ्या उभ्या अडतीस नावं वाचायला लावायची.

सतराचा पाढा कुणाच्या डोक्यात शिरेना, तेव्हा तिने त्याला चाल लावली. मग तेराला, मग एकोणीसला. एका तपासणीत साहेबांनी शेरा मारला की हा वर्ग आहे की गाण्याचा क्लास. त्या शेऱ्याखाली आईने सही केली आणि त्याच साहेबांसमोर शेवटच्या बाकावरच्या तिघांना उभं करून एकोणीसचा पाढा म्हणवून घेतला. मुलं तिला पेटीबाई म्हणायची. त्याचं कारण चर्च.

आमच्या चर्चमध्ये एक जुनी पायपेटी होती. दोन्ही पायांनी भाता मारायचा आणि हातांनी वाजवायचं. आईने ती सत्ताविसाव्या वर्षी हाती घेतली. पेटी भिंतीला लावलेली, त्यामुळे वाजवणाऱ्याची पाठ मंडळीकडे. पाळकसाहेब कधी उठले, कधी बसले ते कळावं म्हणून बाबांनी तिला पेटीच्या वर एक छोटा आरसा तारेने बांधून दिला होता. आठवड्यातले सहा दिवस आई आमच्यावर डोळे वटारायची, रविवारी मात्र आम्हाला तिची पाठ तेवढी दिसायची. अंबाडा, ब्लाउजच्या गळ्याला लावलेली सेफ्टी पिन, आणि भाता मारताना हलणारे खांदे. आम्ही भावंडं तिसऱ्या रांगेत बाबांच्या दोन बाजूंना बसायचो. बाबा लाकडाच्या वखारीत करवतीच्या मशीनवर होते. चाळिशीतच त्यांचा एक कान गेला आणि दुसरा अर्ध्यावर आला.

एकेचाळीस वर्षांत आईने पाच रविवार चुकवले. दोन माझ्या वेळी, दोन भावाच्या वेळी, एक तिच्या आईला मातीला नेलं तेव्हा. मला गोवर आला होता त्या रविवारीही ती गेली. मी रडत होते, तरी गेली. त्याचा राग माझ्या मनात कित्येक वर्षं होता. आज वाटतं, निदान ज्यांच्यासाठी गेली त्यांनी तरी त्याची लाज राखायची होती.

ती अडुसष्ट वर्षांची असताना मंडळीतल्या एका बड्या कंत्राटदाराने चर्चला नवा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड भेट दिला. त्याची सून तो वाजवणार असं ठरलं. पंचकमिटीत ठरलं, सेक्रेटरींनी मिनिटबुकात लिहिलं, पाळकसाहेबांनी सही केली. या सगळ्यात आईला सांगायचं काम कुणाचं, हे मात्र कुणीच ठरवलं नाही.

आई नेहमीसारखी उपासनेच्या अर्धा तास आधी पोचली. बाबा, भाऊ आणि मी सोबत होतो. पेटीच्या जागी चकचकीत कीबोर्ड उभा होता. पेटी मागच्या सामानाच्या खोलीत ढकललेली होती आणि तिच्यावर लोखंडी घडीच्या खुर्च्या रचल्या होत्या, छातीइतक्या उंच. आरसा तारेसकट जमिनीवर पडला होता.

सेक्रेटरी धावत आले. "बाई, तुम्हाला आराम मिळावा म्हणून. किती वर्षं केलंत."

आईने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती म्हणाली, "खुर्च्या तेवढ्या खाली उतरवा. पट्ट्या बसतील."

"उतरवतो ना, उपासनेनंतर."

"आत्ता," आई म्हणाली. तिसरी ब ला म्हणायची तसं. आणि पासष्टीचे सेक्रेटरी, पंचकमिटीचे मानकरी, एक एक खुर्ची खाली ठेवू लागले. मी नुसती धुमसत होते. माझ्या हातात छत्री होती, ती भावाकडे दिली, न जाणो म्हणून.

घरी आल्यावर मी म्हटलं, "मी जाते कमिटीकडे. एकेकाला विचारते."

आई भाजी चिरत होती. "जायचं तर वहीत लिहून जा. रागात तू पुढचं मागे करतेस."

"तुला राग नाही येत?"

"येतो की," ती म्हणाली. "पण मला आज दुसरंच काहीतरी कळलंय." आणि ती हसायला लागली. हसता हसता सुरी खाली ठेवावी लागली तिला. त्या दिवशी लग्नानंतर पहिल्यांदाच ती उपासनेला बाबांच्या शेजारी बसली होती. बाबा गीत म्हणत होते. खणखणीत आवाजात, साफ बेसूर, आणि सगळ्यांच्या पूर्ण एक ओळ मागून. "एकेचाळीस वर्षं हा माणूस माझ्या पाठीमागे हे करतोय," ती म्हणाली, "आणि पेटीच्या आवाजात मला कधी ऐकूच आलं नाही. तुम्ही दोघं तरी सांगायचंत."

ती हसली म्हणून मी हसले नाही. अपमान झाला तो झालाच.

सव्वा वर्ष गेलं. मग भेटवस्तूवरच्या पाटीत आपलं नाव बारीक अक्षरात टाकलं म्हणून कंत्राटदार रुसला आणि कीबोर्ड, सून, सगळं घेऊन दुसऱ्या चर्चला गेला. आणि बिशपसाहेबांची भेट तीन आठवड्यांवर. कमिटीचे चौघे आमच्या घरी आले. आईने चहा केला. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, तुमच्याशिवाय मंडळी सुनी वाटते."

"सव्वा वर्षाने वाटली?" मी म्हटलं. आईने मला डोळ्यांनी गप्प केलं.

"मी आता यांच्या शेजारी बसते," तिने बाबांकडे हात केला. "त्यांना ओळ दाखवावी लागते. उठून गेले तर ते हरवतील. पण कुणाला शिकायचं असेल तर पेटी माझ्या घरी आणून ठेवा. शिकवीन."

पेटी हातगाडीवरून आमच्याकडे आली. बाहेरची खोली तिने अर्धी व्यापली. शिकायला आला तो पन्नाशीचा एक प्लंबर, पंजे फावड्याएवढे. त्याने आधी भात्याची फाटलेली कातडी बदलली, मग शिकायला बसला. एकाच वेळी दोन पट्ट्या दाबायचा. आईने त्याला पहिल्या दिवशी सांगितलं, "बोटं जाड आहेत, मन बारीक करा." दोन वर्षांनी पेटीसकट तो चर्चमध्ये गेला आणि आजही तोच वाजवतो. आई त्यानंतर सहा वर्षं जगली. तिसऱ्या रांगेत, बाबांच्या चांगल्या कानाच्या बाजूला.

गेल्या महिन्यात ती गेली. स्मरणाच्या उपासनेत सेक्रेटरींनी कागद काढून तिचा जीवनवृत्तांत वाचला. जन्म, शिक्षण, नोकरी, सारं बरोबर. मग वाचलं, "वयोमानामुळे बाईंनी पेटीची सेवा स्वेच्छेने सोडली."

बाबांना ऐकू आलं नाही. त्यांनी मला विचारलं, आणि बाबा काहीही विचारतात ते अख्ख्या सभागृहाला ऐकू जातं. "काय म्हणाला तो?"

मी त्यांच्या कानाशी वाकले. त्यांच्याशी हळू बोलून उपयोग नसतो. "म्हणतात आईने पेटी आपणहून सोडली."

"कुणी?"

"आईने. आपणहून."

बाबा उभे राहिले. "पेटीवर खुर्च्या रचल्या होत्या तुम्ही," ते सेक्रेटरींना म्हणाले. "मी पाहिल्या. कान गेलेत माझे, डोळे नाहीत." आणि खाली बसले. प्लंबर पेटीवर हात ठेवून तसाच थांबला, पाळकसाहेबांनी खूण केल्यावरही काही क्षण थांबला.

नंतर दारात सेक्रेटरींनी मला गाठलं. "असं चारचौघांत नको होतं. खासगीत सांगायचं."

"तुम्ही चारचौघांत वाचलंत," मी म्हटलं. "दुरुस्तीही चारचौघांतच व्हायला हवी. रविवारच्या पत्रकात छापा."

या वेळी आईचं ऐकून मी दुसऱ्या दिवशी वहीत लिहूनच नेलं, दोन ओळींत, कुणाला शिवी नाही, तारखेसकट. पुढच्या रविवारी पत्रक आलं, दुरुस्ती नव्हती. मी फोन केला. जागा नव्हती म्हणाले. त्यानंतरच्या रविवारीही नव्हती. पुन्हा फोन केला, पुन्हा तेच. पत्रक माझ्यासमोर आहे. गाड्या कुठे लावाव्यात यावर त्यात अकरा ओळी आहेत.